चार्जर आहे का, चार्जर?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या आजी अमेरिकेतल्या मुलाच्या फोनची वाट पाहत होत्या आणि बॅटरी संपली. आमच्या खणातून सात चार्जर निघाले, एकही बसेना.

तेव्हा लग्नघरी कुणी "आयफोनचा चार्जर आहे का?" असं मोठ्यानं विचारलं, की त्यात अडचणीइतकाच तोराही असे. २०१२ साली आलेलं त्याचं 'लायटनिंग' टोक इतर कंपन्यांच्या फोनला चालत नसे. युरोपीय संघानं २०२२ मध्ये यूएसबी-सी सक्तीची केली. २८ डिसेंबर २०२४ पासून ती लागू झाली. त्याआधीच, २०२३ मध्ये, आयफोन १५ला ही पिन आली. भारतीय मानक ब्युरोनंही त्याच वर्षी तिचं मानक जाहीर केलं.

मात्र पिन एक झाली, तरी वेग एक होत नाही. किती व्होल्ट, किती अँपिअर घ्यायचे हे फोन आणि चार्जर आपसांत ठरवतात. त्यांची पद्धत जुळली नाही, तर चार्जिंग संथ होतं. म्हणून तपकीर गल्लीत चार्जर घेताना कंपनीच्या नावाआधी वॅटचा आकडा वाचा.

आजी आता चार्जर मागायला येतात, तेव्हा "कोणत्या कंपनीचा?" हा प्रश्न सहसा पडत नाही.