कुंडीतील वटकुल: ओळख आणि निगा

वड, पिंपळ आणि उंबर ज्या फायकस प्रजातीत मोडतात, त्याच प्रजातीतील काही सदाहरित वृक्ष आज शहरी दिवाणखान्यांत आणि कार्यालयांत कुंड्यांमधून वाढवले जातात. या प्रजातीत जगभरात सुमारे ८५० जाती असल्या, तरी समोरचे झाड या वंशाचे आहे किंवा नाही, हे ठरवण्यास दोन खुणा बहुधा पुरतात. पान तोडताच देठातून पांढरा चीक ओघळतो, ही पहिली खूण होय. परंतु चीक रुईला आणि चाफ्यालाही असल्यामुळे तिच्या जोडीला दुसरी खूण पाहावी लागते. फांदीच्या टोकाची कोवळी कळी उपपर्ण नावाच्या टोकदार आवरणात गुंडाळलेली असते आणि पान उमलल्यावर हे आवरण गळून पडून फांदीभोवती त्याचा बारीक, गोल वण उरतो.

जात ओळखताना पानच मुख्य आधार ठरते. रबराचे झाड म्हणून रोपवाटिकेत मिळणाऱ्या फायकस इलास्टिकाची पाने जाड, चकचकीत आणि लांबट असून त्याचे उपपर्ण लालसर दिसते. हे झाड ईशान्य भारताचे मूळ रहिवासी आहे. मेघालयातील जिवंत पूल याच्याच हवाई मुळांना वळण देऊन तयार केले जातात आणि आजचे व्यापारी रबर देणारे हेवेआ हे ब्राझीलचे झाड रूढ होण्यापूर्वी आसामात याच्या चिकापासून रबर काढले जात असे. फायकस बेंजामिनाच्या फांद्या नाजूक व झुकलेल्या असतात आणि त्याच्या लहान पानांचे टोक लांब निमुळते होत जाते. याउलट फुगीर मुळांचे बोन्साय म्हणून विकल्या जाणाऱ्या फायकस मायक्रोकार्पाचे पान बोथट असते. फिडल लीफ या व्यापारी नावाने अलीकडे लोकप्रिय झालेले फायकस लिराटा पश्चिम आफ्रिकेच्या सखल वर्षावनांतून आले असून मध्यभागी आवळलेल्या, हातभर लांब होऊ शकणाऱ्या पानांमुळे त्याच्याबाबत घोटाळा होत नाही.

या जातींची निगा कळण्यासाठी त्यांचे रानातील जीवन लक्षात घ्यावे लागते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी उंच झाडाच्या बेचक्यात रुजते, रोप तेथेच अपिवनस्पती म्हणून, म्हणजे दुसऱ्या झाडाचा केवळ आधार घेऊन, वाढू लागते आणि कालांतराने त्याची मुळे जमिनीपर्यंत उतरतात. मुंबई-पुण्याच्या इमारतींच्या भिंतींतून उगवणारी पिंपळाची रोपे याच स्वभावाची साक्ष देतात. मूठभर मातीत आणि अधूनमधून पडणाऱ्या कोरडीत तग धरण्याची क्षमता या झाडांना जन्मतःच लाभलेली असते, मात्र अंधार आणि मुळांशी साचलेले पाणी यांची त्यांना सवय नसते. घरात त्यांच्या वाट्याला नेमक्या याच दोन गोष्टी येतात.

त्यांपैकी प्रकाशाचा प्रश्न अधिक गंभीर असून तो सर्वाधिक दुर्लक्षित आहे. माणसाचा डोळा मंद उजेडाशी चटकन जुळवून घेतो, त्यामुळे खिडकीपासून काही मीटर आत प्रकाश किती झपाट्याने घटतो, हे जाणवत नाही. प्रकाशसंश्लेषणातून मिळणारे अन्न आणि श्वसनात खर्च होणारे अन्न ज्या उजेडात समसमान होते, त्याच्या खाली झाड साठ्यावर जगते आणि हळूहळू खंगते. शिवाय उन्हात घडलेले पान जाड व आकाराने लहान, तर सावलीत घडलेले पातळ व रुंद असते, आणि एकदा पूर्ण वाढलेल्या पानाला आपली घडण फारशी बदलता येत नाही. रोपवाटिकेच्या उजेडातून थेट बैठकीच्या कोपऱ्यात आलेले बेंजामिना म्हणूनच जुनी पाने देठाशी तोडून टाकते. ही पानगळ रोग समजून खत, पाणी आणि औषधे यांचा मारा केला जातो व जागाही पुन्हा बदलली जाते. वास्तविक झाड पूर्व दिशेच्या खिडकीजवळ एकाच ठिकाणी काही आठवडे स्थिर ठेवल्यास नव्या उजेडाला साजेशी पाने फुटू लागतात. वातानुकूलन यंत्राचा थेट झोत मात्र टाळावा.

पाण्यासाठी वारांचे वेळापत्रक निरुपयोगी ठरते. वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावर तळाच्या छिद्रातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. पावसाळ्यात हवा दमट व उजेड कमी असल्याने माती कितीतरी सावकाश सुकते. उन्हाळ्याच्या सवयीने पाणी देत राहिल्यास मुळांपर्यंत हवा पोहोचत नाही, ती कुजतात आणि पाने पिवळी पडतात. मिश्रणात मातीबरोबर कोकोपीट, गांडूळखत आणि निचऱ्यासाठी भरड वाळू असावी.

कोरड्या हवेत लाल कोळी, तर देठांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण आणि खवले कीड आढळते. शेवटच्या दोन किडी गोड चिकटा सोडतात आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसणे हा साधा उपाय धूळही काढतो आणि कीड वेळीच नजरेसही आणतो. प्रादुर्भाव वाढल्यास निंबोळी तेलाची फवारणी करावी.

हवा शुद्ध करण्याच्या कीर्तीवर विसंबून हे झाड घेऊ नये. ही कीर्ती ज्यावर आधारलेली आहे, तो १९८९ मधील नासाचा प्रसिद्ध अभ्यास बंद पेटीत झालेला होता, आणि उघड्या खिडकीने जितकी हवा पालटते तितके काम दोन-चार कुंड्या करू शकत नाहीत. चिकाबाबतची सावधगिरी मात्र आवश्यक आहे. तो त्वचेला चुरचुरतो, पाळीव मांजर-कुत्र्यांना पोटात गेल्यास अपायकारक ठरतो आणि बेंजामिनामुळे काही व्यक्तींना शिंका किंवा दम्याचा त्रासही होतो. छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि कापावर पाणी शिंपडून चीक थांबवावा. उंच वाढून खाली बोडके झालेले रबराचे झाड टाकून देण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या आरंभी खोडावरील सालीचे वलय काढून तेथे ओले शेवाळ प्लास्टिकने घट्ट बांधले, म्हणजेच गुटी कलम केले, तर काही आठवड्यांत मुळे फुटतात. वरचा भाग नव्या कुंडीत लावता येतो आणि खालच्या खोडाला नवे धुमारे येतात.