थेंबे थेंबे टाकी गळे

सासू-सासरे मे महिन्यात तीन महिन्यांसाठी स्टुटगार्टला आले. पहिले आठ दिवस कौतुकात गेले. नंतर बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घर खायला उठलं. सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांनी ३४ वर्षं फिटर म्हणून काढली. पहाटे चारला उठून कुठल्या पेठेला पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती फेरे फिरवायचा, हे त्यांच्या हातांना पाठ. आणि इथे? नळ कधी जात नाही, कधी गळत नाही. "सगळंच नीट चाललंय तुमच्याकडं," असं ते म्हणायचे, पण त्यात कौतुकापेक्षा तक्रारच जास्त असायची.

ती तक्रार आमच्या जुन्या वोनमोबीलने दूर केली.

भारतातल्या वाचकांसाठी सांगते. वोनमोबील म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला खाटा, दोन शेगड्यांचा ओटा, बेसिन, आणि कपाटाएवढं संडास-बाथरूम. स्वच्छ पाण्याची टाकी आत असते आणि भांडी-आंघोळीचं सांडपाणी खालच्या टाकीत जमा होतं. संडासाची सोय वेगळी. अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांत त्यासाठी दुसरी टाकी असते. इथे युरोपात बहुतेक गाड्यांत बाहेरून ओढून काढता येणारी पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. टाकी असो की पेटी, तिच्या तोंडाशी एक झडप असते. गाडीचा सगळा संसार त्या झडपेच्या भरवशावर चालतो.

मार्चमध्ये आम्ही सहा जणांची सोय असलेली जुनी गाडी घेतली आणि जूनच्या सुट्टीत सगळे मिळून बोडेनझे तलावाला गेलो. युबरलिंगेनजवळच्या एका तळावर मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली. शेजारच्या गाडीतले आजोबा उभे होते, हातात रिकामी बादली. "तुमच्या गाडीखाली ठिबकतंय," एवढंच म्हणाले, वाकले, बादली बरोबर थेंबाखाली ठेवली आणि निघून गेले. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या बादलीने मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली पाहिलं तर दगडांवर साबणाचा पांढरट डाग पडला होता. आमची लेक तिसरीत आहे. मी शिक्षिका होते, ती सवय काही जात नाही. घड्याळ लावून तिला थेंब मोजायला सांगितले. सेकंदाला साधारण एक. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाच्या ८६,४०० थेंबांचे किती? चार लिटरांहून थोडं जास्त. लेक म्हणाली, "एवढंच?" बाबा म्हणाले, "तळावर गाड्या किती आहेत, मोज." तिने मोजल्या. चाळीस निघाल्या. मग ती काही बोलली नाही.

सांडपाणी उघड्यावर सोडायला इथे परवानगी नाही, हे आम्हाला माहीत होतं. जर्मनीचा पाणीविषयक कायदा १९५७ चा. त्याचं नवं रूप १ मार्च २०१० पासून लागू झालं आणि त्याच्या पाचव्या कलमाने पाणी बिघडू नये याची काळजी घेणं प्रत्येक माणसाचं कर्तव्य ठरवलं. पण मला कायद्यापेक्षा जास्त टोचलं ते दुसरंच. तळापासून काही किलोमीटरवर सिप्लिंगेन आहे. तिथे तलावाच्या ६० मीटर खोलीवरून पाणी उचलतात, डोंगरावर चढवतात, शुद्ध करतात आणि आल्बच्या डोंगरातून काढलेल्या २४ किलोमीटरच्या बोगद्यातून उत्तरेकडे पाठवतात. १९५४ मध्ये ही संस्था स्थापन झाली, १९५८ मध्ये पाणी सुरू झालं. आज सुमारे ४० लाख लोक ते पितात आणि त्यात स्टुटगार्टचे लोकही येतात. म्हणजे ज्या तलावाच्या काठावर आमची टाकी गळत होती, त्याच तलावाचं पाणी मी घरी कुकरला लावते.

हा तलाव एकदा बिघडला होता, हेही सांगायला हवं. सांडपाणी आणि धुण्याच्या पावडरींतून येणारा फॉस्फरस त्यात साठत गेला आणि सत्तरच्या दशकात शेवाळाने कहर केला. त्याची चाहूल आधीच लागली होती. काठावरच्या जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या देशांनी १९५९ मध्ये संयुक्त आयोग नेमला, मग गावोगावी सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रं उभारली. तलाव सावरायला काही दशकं गेली.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आधी गळती बघू, मग नाश्ता." पोहे गार झाले.

त्यांनी पाना मागितलाच नाही. टिश्यू पेपर मागितला. झडप आणि नळी कोरडी पुसली, जिथे जिथे जोड आहे तिथे कागद गुंडाळला आणि दहा मिनिटं वाट पाहिली. "गळतंय कुठनं ते कळल्याबिगर हात घालायचा नाही." सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच. गळतीच्या जागा तीन. नळीच्या तोंडातून थेंब येत असेल तर आतली सरकती पात नीट बसत नाही. झडप आणि नळीच्या सांध्यातून पाणी येत असेल तर सांध्यावरचा वायसर गेला. ओढायच्या दांड्याच्या बाजूने पाझरत असेल तर दांड्याचं सील झिजलं. आमची गळती पहिल्या प्रकारची होती. नळीच्या तोंडावर बूच लावून भागेल, असं माझ्या नवऱ्याने सुचवलं. बाबा हसले. बूच लावलं की नळी भरून राहते आणि काढणाऱ्याच्या पायावर ओतते. गळती तिथेच राहते, फक्त दिसत नाही.

बादली झडपेखाली अडकवून आम्ही तळावरच्या सांडपाणी सोडायच्या ठिकाणी गेलो. टाकी रिकामी केली. दोन बादल्या कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण आत ओतला आणि झडप वीसेक वेळा उघड-बंद केली. बऱ्याच गळत्या एवढ्यानेच थांबतात, कारण झडप खराब झालेली नसते, तिच्या खाचेत कचरा बसलेला असतो. आमची गळती कमी झाली, थांबली नाही. उरलेले दिवस टाकी रिकामी ठेवली आणि भांडी तळावरच्या सामाईक मोरीत घासली.

घरी आल्यावर गॅरेजला विचारलं. पूर्ण झडप बदलावी लागेल म्हणाले, आणि तारीख दिली सात आठवड्यांनंतरची. बाबांचा चेहरा खुलला. मंडळातल्या एका कुटुंबाचं बोब्लिंगेनला घर आहे, पुढे फरसबंद अंगण आहे. शनिवारी गाडी तिथे लावली. चाकांना लाकडी ठोकळे लावले, हातमोजे आणि चष्मा घातला, खाली टब ठेवला. (जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही झोपू नये.) सुटे करण्याआधी प्रत्येक कोनातून फोटो काढले. चार बोल्ट काढले आणि झडप हातात आली.

आत काय होतं? केसांचा गुंता, थिजलेलं तूप, क्षारांचा थर, आणि पात जिथे टेकते त्या खाचेत मोहरीचे तीन दाणे अन् तुरीची एक डाळ. गाडीच्या आधीच्या मालकाकडे फोडणी नसणार. सगळा आमचाच उद्योग! दाण्यांमुळे पात तळाशी टेकत नव्हती आणि चंद्रकोरीएवढी फट राहत होती. शिवाय दोनांपैकी एक रबरी कडी कडक होऊन चपटी झाली होती. झडपेवरचा क्रमांक पाहून कड्यांची जोडी मागवली, नऊ युरोंना.

पुढच्या शनिवारी कड्या बसवल्या आणि टाकीत पाणी भरलं, तर गळती आधीपेक्षा जास्त! सगळे गप्प. बाबांनी पुन्हा उघडलं. घाईत एक कडी खाचेतून सरकून चिमटली होती. "बीडाच्या पाइपाला ताकद लागती. हे प्लॅस्टिक, इथं नुसता हात पाहिजे," असं स्वतःलाच समजावत त्यांनी कडी बोटाने पूर्ण गोल दाबून बसवली. कडीला सिलिकोन ग्रीसचा पातळ हात दिला. व्हॅसलीन किंवा खायचं तेल लावू नका, बऱ्याच जातींची रबरं त्याने फुगतात. बोल्ट समोरासमोरचे, आलटूनपालटून, थोडे थोडे आवळले. एकच बोल्ट घट्ट केला की पट्टी वाकते, फार आवळला की प्लॅस्टिकला तडा जातो. रात्रभर खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं. सकाळी लेक सर्वांत आधी उठून बघायला धावली. कागद कोरडा होता.

कॅसेटची झडपही अशीच जपावी लागते. तिच्या रबरी ओठाला वर्षातून एक-दोनदा तेच ग्रीस लावा. घरातल्या संडासाची जालीम औषधं तिथे वापरू नका, रबर खातात. भरल्याचा दिवा लागला की रिकामी करा, तीही फक्त तिच्यासाठी नेमलेल्या जागी. हिवाळ्यात सांडपाण्याची टाकी रिकामी करून झडप उघडी ठेवायची, म्हणजे उरलेलं पाणी गोठून ती फुटत नाही. मात्र त्याआधी ग्रीस लावायचं, नाहीतर वसंतात रबर सुकलेलं सापडतं.

आणि आपल्या स्वयंपाकासाठी माझे तीन नियम. बेसिनला बारीक जाळी. कढई धुण्याआधी कागदाने पुसायची. आणि डाळीचा, भाताचा खरकटा गाळ बेसिनमध्ये नाही, कचऱ्यात. फोडणी सोडायची गरज नाही.

परत जाण्याआधी बाबांनी एकच गोष्ट मागितली. सिप्लिंगेनचं ते केंद्र बाहेरून तरी बघायचं होतं. आम्ही डोंगरावर गेलो. खाली निळा तलाव पसरलेला. बाबांनी तलावाकडे पाठ करून इमारतींकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "हितं पण कुणीतरी पहाटे उठत असंल." ३४ वर्षं त्यांच्या पहाटेबद्दल आम्ही घरातल्या कुणी विचारलं नव्हतं. परतीच्या वाटेवर लेकीने विचारलं, आणि युबरलिंगेनपासून स्टुटगार्टपर्यंत बाबा बोलत होते.

ऑगस्टमध्ये ते गेले. शेजारच्या त्या आजोबांची बादली निघायच्या दिवशी धुऊन परत केली होती, सोबत आईंनी केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा. आता दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. आई नातीला विचारतात, जेवलीस का? बाबा मला विचारतात, "झडप उघड-बंद केलीस का? पडून राहिली की चिकटती." मग मी खाली जाते, दोनदा दांडा ओढते, आणि फोन गाडीखाली धरून त्यांना कोरडी फरशी दाखवते.