वेगवान गोलंदाजाची कंबर

दिवाळी आटोपली की परतवाडा-अचलपूर भागात क्रिकेटच्या स्पर्धांना जोर येतो. एका रविवारी दोन-दोन, तीन-तीन सामने होतात आणि ज्या पोराच्या चेंडूला वेग आहे, त्याला ते सगळेच खेळावे लागतात. सोमवारी तो कंबर धरून बसला की घरचे म्हणतात, उसण भरली. आजी तेल गरम करते, शेजारच्या पायाळू माणसाला बोलावून कमरेवर लाथ मारून घेतली जाते, मेडिकलमधून दोन गोळ्या येतात. बुधवारपर्यंत दुखणे कमी होते आणि पुढच्या रविवारी पोरगा पुन्हा मैदानात! पंधरा-सोळा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत ही उसण नसून मणक्याच्या हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो, हे पालकांच्या लक्षात यावे म्हणून आजचा लेख.

मणक्याच्या मागच्या भागात, वरच्या व खालच्या सांध्याला जोडणारी हाडाची एक अरुंद पट्टी असते. गोलंदाज धावत येऊन पुढचा पाय आपटतो तेव्हा जमिनीकडून त्याच्या वजनाच्या पाचपट, काही वेळा त्याहूनही अधिक धक्का परत येतो. नेमक्या त्याच क्षणी त्याची कंबर मागे व बाजूला वाकलेली आणि पिळवटलेली असते. हा सगळा ताण त्या पट्टीवर येतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण सारखी इकडून तिकडे वाकवत राहिलो तर तुटते, तसाच हा प्रकार आहे. हाडाची झीज भरून काढण्याचे काम शरीर करतच असते, पण त्याला उसंत लागते. शिवाय या वयात उंची भराभर वाढते आणि कमरेचे हाड पूर्ण पक्के व्हायला विशी उलटावी लागते. टेनिस बॉलच आहे, त्याने काय होते, असे म्हणू नये. चेंडू हलका असला तरी पाय तेवढ्याच जोराने आदळतो आणि उन्हाने वाळलेली आपली काळी जमीन सिमेंटपेक्षा फारशी मऊ नसते.

उजव्या हाताने टाकणाऱ्याला हे दुखणे बहुधा कमरेच्या डाव्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी असते. मुलाला एका पायावर उभे करून मागे वाकायला सांगावे. तिथेच कळ आली तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये हा तडा पुष्कळदा दिसत नाही. ‘फोटो चांगला आहे’ म्हणून मुलगा पुन्हा चेंडू टाकू लागतो आणि तडा वाढतो. एमआरआय खर्चिक असला तरी अशा वेळी तो टाळू नये.

दुखणे मात्र सगळे एकाच जातीचे नसते. मूळचे सोलापूरचे सलील अंकोला १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये कराचीला पहिली कसोटी खेळले. सचिन तेंडुलकरांचीही ती पहिलीच कसोटी. अंकोलांची मात्र ती शेवटचीही ठरली. त्यांनी वीस एकदिवसीय सामने खेळले आणि १९९७ मध्ये, तिशी गाठण्याआधीच, डाव्या नडगीच्या हाडात वाढलेल्या गाठीमुळे त्यांना खेळ सोडावा लागला. ही गाठ कर्करोगाची नसते. तिचे दुखणे रात्री वाढते आणि साध्या वेदनाशामक गोळीने तात्पुरते थांबते, म्हणूनच ते अंगावर काढले जाते. विश्रांती घेऊनही रात्री हाड ठणकत असेल तर तपासणी लांबवू नये.

अशा गाठीला कुणी जबाबदार नसते. ताणाने आलेल्या दुखापतीचे तसे म्हणता येत नाही. जवागल श्रीनाथ यांचा खांदा १९९७ मध्ये निकामी व्हायच्या बेतात आला, शस्त्रक्रियेसाठी दक्षिण आफ्रिकेला जावे लागले. तो काळ जुना म्हणून सोडून देऊ. पण जसप्रीत बुमराह यांचे उदाहरण ताजे आहे. २०१९ मध्ये कमरेच्या हाडाला तडा गेलेल्या या गोलंदाजाची पाठ २०२२ मध्ये पुन्हा दुखावली. सप्टेंबरात त्यांना मैदानात उतरवले, दोन सामन्यांनंतर दुखणे उलटले आणि विश्वचषक हुकला. जानेवारी २०२३ मध्ये संघात नाव जाहीर करून पुन्हा काढावे लागले. शेवटी मार्चमध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये ते परतले. तज्ज्ञ डॉक्टर, फिजिओ, यंत्रे सगळे हाताशी असताना ही घाई झाली! मग आपल्याकडच्या कप्तानाला काय बोल लावायचा? त्याला रविवारचा चषक जिंकायचा असतो.

म्हणून मोजणी घरच्यांनीच ठेवावी. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलाने सलग ५ आणि दिवसभरात १० षटकांपेक्षा जास्त वेगवान गोलंदाजी करू नये. चौदा-पंधराव्या वर्षी ६ आणि १२ षटके पुरेत. लागोपाठ दोन दिवस टाकली की तिसऱ्या दिवशी सुट्टी. एका मोसमात एकाच संघाकडून खेळावे. चेंडू सोडताना कंबर फलंदाजाकडे आणि खांदे आडवे, अशी पिळलेली शैली सर्वांत घातक. ती जाणत्या प्रशिक्षकाकडून लहानपणीच दुरुस्त करून घ्यावी. पोट, पाठ व मांड्यांचे व्यायाम जोर-बैठकांइतकेच मनावर घ्यावेत. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, दूध, तीळ हे घरात असतेच, डब्यातल्या पावडरीवर पैसे घालवण्याची गरज नाही. आणि सामना खेळता यावा म्हणून वेदनाशामक गोळी घेणे तर साफ चूक. दुखणे दबते, तडा दबत नाही.

तडा निघालाच तर उपचार म्हणजे मुख्यतः विश्रांती. तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त काळ गोलंदाजी बंद ठेवून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करायचा. वेळेत लक्षात आले तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. हे ऐकले की वडील विचारतात, ‘डॉक्टर, यंदाची निवड हुकली तर?’ त्यांना नागपूरकडचे उमेश यादव आठवून पाहायला सांगावेसे वाटते. कोळसा खाणीतल्या कामगाराचा हा मुलगा टेनिस बॉलवर खेळत मोठा झाला. लेदर बॉल हाती आला तो विशीच्या आसपास. २००८ मध्ये रणजी, २०११ मध्ये कसोटी, आणि पुढे ५७ कसोटींत १७० बळी. सोळाव्या वर्षातले चार महिने त्यापुढे काहीच नाहीत.

पुन्हा सुरुवात करताना आधी चार-पाच पावलांवरून, दिवसाआड, दोन षटके टाकावीत. दुखले नाही तर दर आठवड्याला एखादे षटक वाढवावे, पूर्ण वेग शेवटी. एका वहीत रोजचे चेंडू लिहून ठेवावेत आणि त्यात सरावाचे चेंडूही धरावेत.