जड गोळीने नेम सुधारत नाही

‘जड गोळी घे, नेम सुधारेल.’ पिस्तुलाची नेमबाजी नव्याने शिकणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो, आणि देणाऱ्याच्या आवाजात शंकेचा लवलेश नसतो. शिकणारा महागडी काडतुसं आणतो, कागदावरची भोकं होती तेवढीच विखुरलेली राहतात, आणि तो चापावरच्या बोटाकडे बघायचं सोडून त्याहून जड गोळी शोधू लागतो. त्याचे पैसेही जातात आणि सरावाचे दिवसही.

गोळीचं वजन निवडायचा प्रश्न मुख्यतः येतो तो ९ मिमी पिस्तुलात. अमेरिकेतल्या दुकानात ११५, १२४ आणि १४७ ग्रेनच्या पेट्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, म्हणजे या गोळ्या अंदाजे साडेसात, आठ आणि साडेनऊ ग्रॅमच्या. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी नेमबाजाला यातून खरोखरच निवड करावी लागते. भारतात ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. बालेवाडीला किंवा वरळीला सराव चालतो तो प्रामुख्याने .२२ आणि .३२ वर. सल्ला मात्र इथेही तोच ऐकू येतो.

त्याचं मूळ रायफलीत आहे. सहाशे-हजार मीटरवर लांब, निमुळती, जड गोळी आपला वेग टिकवून ठेवते आणि वाऱ्याने कमी ढळते. तिथे हे शंभर टक्के खरं आहे. पण पिस्तुलाचा कागद असतो २५ मीटरवर. ११५ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने निघते, १४७ ग्रेनची २९५ च्या आसपास. पहिलीला कागदापर्यंत पोचायला सात शतांश सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो, दुसरीला साडेआठ. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने पहिली सुमारे अडीच सेंटिमीटर खाली येते आणि दुसरी साडेतीन. फरक एका सेंटिमीटरचा! तोही प्रत्येक गोळीला सारखाच, त्यामुळे मागची साइट जरा फिरवली की मिटणारा.

गंमत अशी की प्रत्यक्षात जड गोळी बहुतेक वेळा खाली न लागता वर लागते. ती संथ असल्यामुळे नळीत किंचित जास्त वेळ राहते, आणि तोवर झटक्याने नळीचं तोंड उचलायला सुरुवात झालेली असते. आता समजा, एखाद्याची भोकं आधी दहाच्या वर्तुळाखाली पडत होती. पेटी बदलल्यावर ती वर सरकून दहाजवळ आली. तो खूश होतो, ‘बघा, अचूकता वाढली!’ अहो, अचूकता तसूभरही वाढलेली नाही, सगळा घोळका उचलून वर गेला एवढंच. घोळका किती घट्ट आहे ही अचूकता. तो कुठे पडतो, हा साइट जुळवण्याचा मामला. या दोन गोष्टींची गल्लत थांबली तर हा गैरसमज उरणारच नाही.

घोळका घट्ट होतो तो गोळ्यांच्या आणि दारूच्या एकसारखेपणाने, त्या विशिष्ट नळीला काय मानवतं यावर, आणि सगळ्यात जास्त हाताने. स्पोर्ट पिस्तुलात पुढच्या माशीपासून मागच्या साइटपर्यंतचं अंतर नियमानुसार जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर असतं. चाप ओढताना माशी एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटिमीटर चुकते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (आयएसएसएफ) नियमपुस्तकातलं अचूकता फेरीचं दहाचं वर्तुळ आहे फक्त ५ सेंटिमीटर व्यासाचं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तो प्रकार .२२ चा. त्यात सगळ्यांची गोळी जवळपास ४० ग्रेनचीच असते. तिथे वजनाचा फायदा कुणाला मिळणार?

‘हलकी गोळी, हलका झटका’ हेही सरसकट खरं नाही. हलकी गोळी वेगाने जाते, त्यामुळे वजन गुणिले वेग हा हिशेब तिन्ही पेट्यांत जवळपास सारखाच येतो. हलकीचा झटका तडक लागतो, जड गोळी संथ ढकलल्यासारखी वाटते. आयपीएससीच्या, म्हणजे धावत-पळत नेम साधण्याच्या स्पर्धांत ग्रेनमधलं वजन गुणिले फुटांतला वेग भागिले हजार हा आकडा किमान १२५ लागतो. तो गाठायला १४७ ग्रेनला कमी दारू पुरते, म्हणून तिथे अनेकांची पसंती तिला. कारण पुढचा बार लवकर साधता येतो, हे आहे.

आणखी एक गल्लत: पेटीवरचा ग्रेनचा आकडा दारूचा नसतो, गोळीचा असतो.

.२२ मध्ये वेगवान काडतूस म्हणजे चांगलं काडतूस, हा समज उलटा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. तो ओलांडून परत खाली येताना गोळी डगमगू शकते, म्हणून स्पर्धेची काडतुसं मुद्दाम ३३० च्या आत ठेवतात. .३२ ची चपट्या तोंडाची गोळी जुनाट म्हणून नाक मुरडू नका. ती कागदात स्वच्छ गोल भोक पाडते, आणि रेषेला स्पर्श झाला की वरचा गुण मिळतो, तेव्हा कडा साफ दिसायलाच हवी.

मग ९ मिमीत घ्यायची कोणती? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काडतूस तयार झालं ते ८ ग्रॅमच्या, म्हणजे १२४ ग्रेनच्याच गोळीसाठी. साध्या सरावाला ती उत्तम. ११५ स्वस्त मिळत असेल तर बिनधास्त ती घ्या आणि वाचलेल्या पैशांत जास्त बार काढा. तरीही वजनाची शंका असेल, तर पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून एकाच लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडा आणि घोळक्यावर फूटपट्टी ठेवा. फरक दिसला, तर त्याच वजनाची दुसऱ्या कंपनीची पेटीही झाडून बघा. तो फरक वजनाचा होता की कंपनीचा, हे मगच कळेल.