दवाखान्यात आजोबा बरळू लागले तर

ताप डोक्यात गेला की माणसाला वात होतो आणि तो बरळतो, हे आपल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. डॉक्टर यालाच डिलिरियम म्हणतात. पण बेला मंडळातल्या एखाद्या खेड्यातून म्हातारा माणूस आदिलाबादच्या रिम्समध्ये दाखल होतो, काल नीट बोलत असतो आणि आज रात्री पोटच्या पोरालाच "तू कोण?" म्हणून विचारतो, तेव्हा घरचे घाबरतात. कोणी म्हणते वयाने बुद्धी फिरली, कोणी म्हणते बाहेरची बाधा झाली.

बाधा नव्हे, आणि नुसते म्हातारपणही नव्हे. वयाचा विसराळूपणा महिन्यामहिन्यांनी वाढतो. वात काही तासांत किंवा एकदोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. कारण बहुधा शरीरात असते : मलेरिया, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, अंगातले पाणी कमी होणे, साखर उतरणे, खुब्याचे ऑपरेशन, एखादे औषध. फवारणीच्या विषबाधेवर देतात ते ॲट्रोपीन जास्त झाले तरी रोगी बरळतो.

वात दाखवणारी रक्ततपासणी नाही. तो बोलून आणि निरखूनच ओळखावा लागतो, आणि खाटेजवळ रात्रंदिवस असते ती नर्स. १९९० साली अमेरिकेतील डॉ. शॅरन इनोये यांनी यासाठी एक पद्धत मांडली. बदल एकाएकी झाला का आणि लक्ष लागत नाही का, या दोन गोष्टी हव्यातच. त्यांच्या जोडीला बोलणे असंबद्ध आहे किंवा शुद्धीत फरक आहे, यांपैकी एक तरी हवी.

पुढे फोर-ए-टी नावाची दोन मिनिटांची चाचणी आली. तीत नर्स आधी रोगी जागा व सावध आहे का ते पाहते. मग वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारते. नंतर डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगते. निदान सात बरोबर आले तर लक्ष ठीक. शेवटी, माणूस अलीकडे एकाएकी बदलला का, हे पाहते. एकूण गुण चार किंवा जास्त झाले तर वाताचा संशय घेऊन डॉक्टर कारण शोधतात.

इथे आपल्या भागाची अडचण येते. नर्सबाई तेलुगू बोलणारी, आजोबा मराठी किंवा गोंडी. त्यांची आधारवरची जन्मतारीखच अंदाजाने लिहिलेली! डिसेंबर त्यांना ठाऊक नसेल, पण फाल्गुन, माघ, पौष ते म्हणतील. निदान शनिवार, शुक्रवार, गुरुवार तरी. हे नर्सबाईंना आधीच सांगा, आणि दुभाषी व्हा. मात्र उत्तर सुचवू नका. प्रेमापोटी आपण हीच चूक करतो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर फक्त तुमच्यापाशी असते. हा माणूस आठवड्यापूर्वी कसा होता, हे नर्सला कुठून कळणार? बदल केव्हापासून, रात्री जास्त होतो का, हे नेमके सांगा. ओरडणारा रोगी सगळ्यांना दिसतो. पण गप्प पडून राहणारा, जेवताना झोपी जाणारा रोगीही वातात असू शकतो, आणि "आज शांत आहेत" म्हणून घरचे समाधान मानतात. तसे दिसले तर उठून नर्सबाईंना बोलवा. हातपाय बांधू नका, त्याने धडपड वाढते. चष्मा आणि कानाचे यंत्र घरी ठेवून येऊ नका.

आणखी एक गोष्ट लाजेपोटी लपवली जाते. रोज दारू पिणाऱ्याची दारू दवाखान्यात एकदम तुटली की दोनतीन दिवसांत हात कापतात, घाम सुटतो, नसलेली माणसे दिसतात. यात जीवही जाऊ शकतो. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्यांची भेसळ वारंवार पकडली गेली आहे, आणि तिची सवय तुटली तरी असेच होते. म्हणून दाखल करतानाच सांगा : रोज काय पीत होते, किती, आणि शेवटचे केव्हा प्याले.