संख्येची फोड : मॅंटिसा व घातांक

आमच्या नार्नूरकडे शेत म्हटले की कापूस, आणि कापूस म्हटला की सरकी उगवेल की नाही ही चिंता. समजा, ५०० दाणे पेरले आणि एकही उगवला नाही. एका दाण्याने दगा देण्याची शक्यता ०.१ धरली, तर असे घडण्याची शक्यता किती? आणि ०.२ धरली तर? मी दोन अ‍ॅरे घेतले, एकात ५०० वेळा ०.१, दुसऱ्यात ५०० वेळा ०.२, आणि गुणाकार केला. संगणकाने दोन्हीकडे शून्य उत्तर दिले. शून्य म्हणजे अशक्य. पण ही गोष्ट अशक्य नव्हती, केवळ फार दुर्मिळ होती. आणि दोन शून्यांत तुलना ती काय करणार?

कारण साधे आहे. १९८५ च्या आय-ट्रिपल-ई ७५४ प्रमाणानुसार ६४ बिटांच्या संख्येत एक बिट चिन्हाचा, ११ घातांकाचे आणि ५२ अपूर्णांकाचे. घातांकाची जागा ठरलेली असल्याने सुमारे १० च्या उणे ३२४ व्या घाताखालची संख्या मावतच नाही.

उपाय म्हणजे संख्येची फोड. ‘फ्रेक्स्प’ नावाचे फलन संख्येचे दोन भाग करते : अर्धा ते एक यांमधला मॅंटिसा (एक मात्र वगळून) आणि दोनाचा घातांक. १२ म्हणजे ०.७५ गुणिले दोनाचा चौथा घात. पायथनच्या ‘नमपाय’मध्ये अख्खा अ‍ॅरे दिला की मॅंटिसांचा एक आणि घातांकांचा एक, असे दोन अ‍ॅरे परत मिळतात.

हेच काम लॉग घेऊन करावे असे मलाही वाटले होते. पण शून्य आले की लॉग अडतो, ऋण संख्येलाही अडतो. फ्रेक्स्प शून्याला ० आणि ० देते, ऋण चिन्ह मॅंटिसाला लावते. शिवाय ते मुळातले बिटच वाचते, त्यामुळे काहीही पुसले जात नाही. (लॉगच्या कोष्टकातला मॅंटिसा निराळा बरे! तो लॉगचा अपूर्ण भाग. नावसारखेपणाने माझा एक दिवस फुकट गेला.)

आता सरकीकडे वळू. ०.१ ची फोड ०.८ आणि उणे ३, ०.२ ची ०.८ आणि उणे २. मॅंटिसा तोच! मॅंटिसांचा गुणाकार करायचा, घातांकांची बेरीज. गुणाकार दोन्हीकडे सारखा, बेरजा मात्र उणे १५०० आणि उणे १०००. म्हणजे पहिली शक्यता दुसरीपेक्षा दोनाच्या ५०० व्या घाताइतकी लहान. जिथे दोन शून्ये होती तिथे हे उत्तर निघाले.

एक सावधगिरी हवी. मॅंटिसा अर्ध्याहून लहान नसला तरी हजारभर गुणाकारांनंतर तोही तळाला जाऊ शकतो. म्हणून दर काही शे गुणाकारांनंतर आलेल्या उत्तराची पुन्हा फोड करावी आणि निघालेला घातांक बेरजेत मिळवावा.