इजेक्टरच्या आतलं वादळ

कडोदऱ्याहून बारडोलीकडे निघालं की कापडगिरण्या मागे पडतात आणि ऊस सुरू होतो. गळीत हंगामात खानदेशातली कितीतरी कुटुंबं या पट्ट्यात तोडणीला येतात. साखर कारखान्यात उसाचा पाक व्हॅक्यूम पॅनमध्ये, म्हणजे निर्वात भांड्यात, साधारण ६० ते ७० अंशांवर उकळतो, म्हणून साखर करपत नाही. हा निर्वात राखणारं एक साधन म्हणजे इजेक्टर पंप. त्यात फिरणारा एकही भाग नसतो.

वाफेच्या इजेक्टरमध्ये वाफ आधी अरुंद आणि मग रुंद होणाऱ्या तोटीतून सुटते. तिचा वेग ध्वनीला मागे टाकतो, दाब कोसळतो आणि भोवतालची हवा तिच्याकडे ओढली जाते. दोन्ही मिसळून पुढे रुंदावत्या नळीत मंदावतात, दाब पुन्हा चढतो. वाटेत आघात-लहरी उठतात. बाहेरचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ओढ एकदम ढासळते.

पोलादी नळीतलं हे पाहायचं कसं? संगणकावर आतली जागा लाखो सूक्ष्म कप्प्यांत विभागतात आणि प्रत्येक कप्प्यात वस्तुमान, संवेग, ऊर्जेचा हिशेब मांडतात. वाफ आणि हवा जिथे घासतात तिथे कप्पे अधिक बारीक हवेत. माझ्या मते खरी कसोटी तिथेच. प्रवाहातल्या खळबळीचं गणित मात्र अंदाजावरच चालतं. त्यामुळे रंगीत चित्र कितीही देखणं असलं, तरी नळीच्या भिंतीवर मोजलेल्या दाबाशी ते ताडून पाहावंच लागतं. काचेची खिडकी असलेल्या नमुन्यात श्लिरेन छायाचित्रणाने आघात-लहरी थेटही टिपता येतात. ती पद्धत ऑगस्ट टॉपलर यांनी १८६४ मध्ये विकसित केली.